बाबांचा संसार, मुलीचा पगार

मराठीच्या पदव्युत्तर परीक्षांत एक प्रश्न वर्षानुवर्षे फिरून येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी कथेत स्त्रीच्या बदलत्या भूमिकेचे चित्रण कसे झाले आहे, ते सोदाहरण स्पष्ट करा. प्रश्नाइतकेच त्याचे उत्तरही मुक्रर झालेले आहे. आधी सोसणारी स्त्री, मग शिकणारी, मग विचार करणारी आणि सरतेशेवटी बंड करणारी, असा चढता क्रम विद्यार्थी लिहितो. प्रत्येक पायरीवर एकेक लेखक वा लेखिका उभी करतो. आणि आजच्या स्त्रीला शिडीच्या माथ्यावर बसवून मोकळा होतो. गुणही बरे मिळतात. या उत्तरात उघड खोटे असे फारसे काही नसते. पण ज्याने त्या कथा मुळातून वाचल्या आहेत त्याला ते वाचताना अस्वस्थ वाटल्याशिवाय राहत नाही, कारण त्या कथांतल्या बायका कोठे चढताना दिसत नाहीत. घरातली त्यांची जागा तेवढी बदलते. आणि नव्या जागेवर बसल्यावर त्यांना जे कळून येते, त्याचा उत्तरपत्रिकेत मागमूसही नसतो.

'भूमिका' हा शब्दच या घोटाळ्याच्या मुळाशी असावा. शब्द रंगभूमीवरचा. नटाने वेश बदलला की भूमिका बदलली असे आपण म्हणतो, नाटक मात्र तेच चालू असते. कथा वाचतानाही आपण नायिकेचा वेश पाहत बसतो: नऊवारी जाऊन पाचवारी आली, हाती पुस्तक आले, छत्री आली, शाळेतली नोकरी आली. हे नाटक कोणाच्या खर्चाने चालले आहे, ते विचारायचे राहून जाते. आमचे म्हणणे असे की या कथा एकदा पैशाच्या बाजूने वाचून पाहाव्यात. घरात पगार कोण आणते, तो कोणाच्या हाती पडतो आणि त्यापायी कोणाचे लग्न लांबते, एवढे जरी पानोपानी विचारत गेले तरी ओळखीची झालेली पुस्तके अनोळखी दिसू लागतात.

'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली प्रसिद्ध झाले. प्रकाशक ह. वि. मोटे, लेखिका विभावरी शिरूरकर. या नावाची कोणी बाई अस्तित्वात नव्हती. पुस्तकाने जी खळबळ उडवली तिच्यातला बराचसा भाग ही विभावरी कोण, या शोधातच खर्ची पडला. इतके धीट लेखन बाईच्या हातचे नसणार, पुरुषाचेच असणार, अशीही शंका घेतली गेली. लेखिकेचे खरे नाव बाळूताई खरे. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. धोंडो केशव कर्वे यांनी उभारलेल्या स्त्रीशिक्षणाच्या संस्थांत त्या शिकल्या आणि पुढे तेथेच शिक्षिका झाल्या. या तपशिलाकडे समीक्षेने फार चरित्रात्मक दृष्टीने पाहिले आहे. आम्हांला तो कथांच्या आशयाचाच भाग वाटतो. लोकांच्या वर्गणीवर आणि सदिच्छेवर चाललेल्या संस्थेत शिकवणाऱ्या बाईला, शिकवणाऱ्या बाईच्या मनात काय चालते ते स्वतःच्या नावाने लिहिणे परवडणारे नव्हते. म्हणजे ज्या पगाराने तिला लिहिण्याइतके स्वातंत्र्य दिले, त्याच पगाराने तिचे नाव काढून घेतले.

या संग्रहातल्या मुली शिकलेल्या आहेत, वयाने वाढलेल्या आहेत, बहुतेक अविवाहित आहेत आणि त्यांतल्या काही मिळवत्या आहेत. त्यांच्या मनातल्या इच्छांचा उच्चार झाला, हे त्या काळच्या वाचकांना झोंबले. आजच्या वाचकाला त्याच कारणासाठी त्या कथा 'बंडखोर' वाटतात. दोघेही एकाच ठिकाणी बोट ठेवतात, एक रागाने आणि दुसरा कौतुकाने. परंतु संग्रहातल्या एका कथेचे नुसते शीर्षक पाहावे: 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' मराठीत मुलीचा 'संसार' लग्नानंतर सुरू होतो. तोवर तिला घर असते, माहेर होऊ घातलेले, संसार नसतो. बापाचा संसार हा बापाचा. त्याने मांडला, त्याने वाढवला, पाठोपाठच्या लेकरांची संख्या त्याने ठरवली. आता तो निभावण्याची पाळी थोरल्या मुलीवर आली आहे, कारण ती शिकली आणि मिळवू लागली. शीर्षकातल्या 'कसा होणार' या दोन शब्दांत गाऱ्हाणे नाही, हिशेब आहे. जे माझ्या सहीने सुरू झाले नाही, ते माझ्या सहीने का चालावे?

या हिशेबाची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय त्याची धार कळत नाही. मागच्या पिढीपर्यंत मुलगी 'उजवायची' असे. वय वाढण्याच्या आत, हुंड्याची रक्कम वाढण्याच्या आत, शेजाऱ्यांच्या तोंडी 'घोडनवरी' हा शब्द येण्याच्या आत ती दुसऱ्याच्या घरी पोहोचवणे हे बापाचे कर्तव्य आणि बापाची सुटका. १९२९ साली शारदा कायदा झाला, १ एप्रिल १९३० पासून तो ब्रिटिश हिंदुस्थानात अमलात आला, आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरले. शहरातल्या पांढरपेशा घरांत तर कायद्याची वाट न पाहताच लग्न लांबू लागले होते, कारण मुली शाळेत आणि क्वचित कॉलेजात जाऊ लागल्या होत्या. सुधारकांनी लग्न आणि शाळा यांच्यामध्ये जी चार वर्षे मागून घेतली होती, त्यांतूनच पगाराची मुलगी जन्मली. आणि ती जन्मताच बापाचे गणित उलटले. काल उजवायची होती ती मुलगी आज ठेवून घेण्याजोगी झाली. कोणी तिला उघड अडवत नाही. स्थळ पाहणे तेवढे मंदावते. धाकट्याची फी, आईचे दुखणे, दुसरीचे लग्न, अशी एकेक निकड पुढे येते आणि प्रत्येक निकड खरी असते. दुष्ट माणूस एकही नसताना एका मुलीचे आयुष्य खर्ची पडते, ही गोष्ट मराठी कथेने प्रथम येथे सांगितली असे आम्ही मानतो.

हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये यमूवर अन्याय करणारी माणसे बोट दाखवून सांगता येतात. तेथे रूढी आहे, तिचे रखवालदार आहेत, आणि वाचकाचा राग कोठे जाऊन पडावा हे ठरलेले आहे. विभावरींच्या कथेत राग पडायला जागा मिळत नाही. बाप थकलेला आहे, प्रेमळही आहे. म्हणूनच या कथा वर्गात शिकवणे अवघड जाते. शिडीवर बसवता येईल अशी नायिका त्यांत सापडत नाही, आणि पाडाव करावा असा खलनायकही सापडत नाही.

स्त्रीच्या बंडाचा विषय निघाला की मराठी समीक्षक इब्सेनच्या नोराची आठवण काढतो. १८७९च्या त्या नाटकात नोरा दार लावून घराबाहेर पडते, आणि पुढे अनंत काणेकरांनी 'घरकुल'मधून तिला मराठीत आणले. त्या दाराच्या आवाजाने आपले कान असे भरून गेले आहेत की कोणतीही जुनी कथा वाचताना आपण दार कधी वाजते याची वाट पाहतो. ते वाजले नाही की कथा 'मर्यादा असलेली' ठरते. पण नोराला घर सोडता आले, त्याचे एक कारण असे की घर तिच्यावाचून चालणार होते. विभावरींच्या मिळवत्या मुलीला ते सोडता येत नाही, कारण चूल तिच्या पगारावर पेटते. आर्थिक स्वावलंबन आले की स्त्री मुक्त होते, हे सूत्र आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की १९३३ सालीच एका शिक्षिकेने त्याची दुसरी बाजू लिहून ठेवली आहे, हे आपल्या गावी नसते.

तिच्या आधीच्यांबद्दल थोडे. 'करमणूक' १८९० साली निघाले, 'मनोरंजन' १८९५ साली. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या या मासिकाने १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, आणि 'संपूर्ण गोष्ट' म्हणजे एका अंकात संपणारी गोष्ट रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. दुपारची आवराआवर आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांच्यामधल्या तासाभरात वाचून होईल असा हा वाङ्मयप्रकार होता, आणि तो घरात येत होता. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) शाळेत गेल्याच नव्हत्या. लग्नानंतर नवऱ्याच्या सांगण्यावरून त्या वाचायला शिकल्या आणि कथाकार झाल्या. त्यांच्या एका कथासंग्रहाचे नाव 'चांदण्यातील गप्पा' असे आहे. लेखिका होण्याआधी बाई ज्या एका प्रकारात पारंगत होती, तो हाच: कामे आटोपल्यावर बायकांनी बायकांना सांगणे. पुढे 'पालखीचा गोंडा' (१९२८) या कादंबरीत त्यांनी बायकांच्या हाती संस्थानाचा कारभार देऊन पाहिला. बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांनी १९०५ साली इंग्रजीत लिहिलेल्या 'सुलतानाज ड्रीम'शी हे पुस्तक ताडून पाहावे, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. काशीबाईंची गोष्ट मात्र अजून राज्यकारभाराच्या पातळीवर आहे. घरखर्चाच्या वहीपर्यंत ती पोहोचत नाही.

आणि तीसच्या दशकातल्या लोकप्रिय पुरुष लेखकांच्या सुशिक्षित नायिका? त्या कॉलेजात जातात, टेनिस खेळतात, नायकाशी वाद घालतात. पहिल्या तारखेला त्या काय करतात हे सहसा कळत नाही. यावर अधिक शब्द खर्चण्याची आम्हांला गरज वाटत नाही.

आता एक प्रश्न आमच्या गावाचा. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात आणि २०२३ पर्यंत ज्याचे अधिकृत नाव औरंगाबाद होते, त्या शहरात बसून या कथा वाचणारा वाचक पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा वेगळ्या ठिकाणी उभा आहे. 'कळ्यांचे निःश्वास' निघाले तेव्हा हे शहर निजामाच्या राज्यात होते. शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. येथे तो लागू नव्हता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, सरकारी शिक्षणाची आणि नोकरीची भाषाही तीच. मराठी शाळा लोकांनी पदरमोड करून चालवायच्या. १९१५ साली स्थापन झालेले सरस्वती भुवन हे त्याचे येथले ठळक उदाहरण. हैदराबादेत १९२०च्या सुमारास 'निजाम विजय' हे मराठी पत्र निघू लागले. हा पसारा पाहिला म्हणजे मराठवाड्यातली मिळवती मुलगी त्या काळच्या मराठी कथेत का नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. तिला कथेत येण्यासाठी आधी शाळेत यावे लागले असते.

तरीही या राज्याशी त्या कथेचा संबंध अगदीच नव्हता असे नाही. दिवाकर कृष्ण केळकर हैदराबादेत वकिली करीत, आणि 'समाधी व इतर सहा गोष्टी' हा त्यांचा संग्रह १९२७ सालचा. मराठी कथा घटनेकडून मनाकडे वळली ती ज्यांच्या हातून, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. आणि हे मन त्यांच्या कथांत बहुधा स्त्रीचे आहे. त्यांच्या बायका हळव्या आहेत, एकाकी आहेत, आणि आपले दुःख कोणापाशी बोलावे हे त्यांना उमगत नाही. त्यांच्या घरी पैशाची ददात मात्र जाणवत नाही. त्यांच्यापाठोपाठ विभावरी वाचल्या की दुःखाला घरभाडे आणि वाण्याचे बिल फुटल्यासारखे वाटते. हा फरक केवळ सहा वर्षांचा आहे.

पण आमच्या शहराची खरी दौलत दुसऱ्या भाषेत आहे आणि मराठीचे आम्ही लोक तिच्याकडे पाठ करून बसलो आहोत. मौलवी अब्दुल हक यांनी 'अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू' या शहरात आणली आणि वीस वर्षांहून अधिक काळ तिचे बिऱ्हाड येथेच होते. 'उर्दू' हे त्रैमासिक १९२१ साली येथूनच सुरू झाले. म्हणजे पुण्यात बाळूताई खरे आपल्या कथा लिहीत होत्या तेव्हा औरंगाबादेत वाङ्मयीन चर्चा होतच होती, फक्त ती मराठीत नव्हती. उर्दूच्या जगात स्त्रियांसाठी लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' १८९८ पासून निघत होते, अलीगढचे 'खातून' १९०४ पासून. आणि डिसेंबर १९३२मध्ये, 'कळ्यांचे निःश्वास'च्या अगदी तोंडावर, लखनौहून 'अंगारे' निघाले. चौघांचे पुस्तक, त्यांत एकच बाई, डॉक्टर रशीद जहाँ. मार्च १९३३मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने ते जप्त केले.

बाळूताई खरे आणि रशीद जहाँ या दोघींचाही जन्म १९०५चा. योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह आवरला, तरी पुढचे साम्य योगायोगाचे नाही. एक कर्व्यांच्या संस्थेतून घडलेली शिक्षिका. दुसरीचे वडील शेख अब्दुल्ला अलीगढच्या मुलींच्या शाळेचे संस्थापक आणि 'खातून'चे संपादक. स्त्रीशिक्षणाच्या चळवळीने आपल्या अंगणात वाढवलेल्या या दोन मुली. त्यांनी चळवळीचे पोवाडे गायले नाहीत. शिकून बाहेर पडलेल्या बाईला बाहेर काय दिसले, हे त्यांनी लिहिले, आणि दोघींच्याही बाबतीत समाजाला तो कृतघ्नपणा वाटला. सुशिक्षित स्त्री आपल्या सुधारकांचे आभार मानील अशी अपेक्षा होती. तिने तपासणीचा अहवाल दिला.

'अंगारे'तली रशीद जहाँची कथा 'दिल्ली की सैर' चार-पाच पानांची आहे. फरीदाबादची एक बेगम नवऱ्याबरोबर आगगाडीने दिल्ली पाहायला जाते. स्टेशनवर नवरा तिला सामानावर बसवतो आणि ओळखीच्या स्टेशनमास्तराबरोबर जो जातो तो तासन्‌तास परतत नाही. बुरख्यात बसून ती फलाट बघते, लोक तिला बघतात. तो येतो तेव्हा त्याचे जेवण झालेले असते. मला घरी घेऊन चला, ती म्हणते. दिल्लीची सैर तेथेच संपते. एवढीच कथा. विभावरींपाशी जे दीर्घ मनोगत आहे ते येथे नाही. भाषण नाही, उसासा नाही. कलादृष्ट्या ही कथा आम्हांला विभावरींच्या बहुतेक कथांपेक्षा सरस वाटते, आणि मराठीच्या प्राध्यापकाने हे म्हणायला कचरू नये. परंतु विभावरींपाशी जे आहे ते येथे नाही. बेगमेला पगार नाही. ती सामानावर बसलेली आहे, सामानासारखी. मराठीतली मुलगी सामान ओढते आहे. दोन्ही कथा एका तासाला शेजारी ठेवल्या तर 'बदलती भूमिका' या प्रश्नाचे जे होईल, ते परीक्षकाला आवडेल की नाही याची आम्हांला शंका आहे. एकाच विद्यापीठात मराठीचा विभागही आहे आणि उर्दूचाही. दोहोंमधले अंतर चालून काही मिनिटांचे आहे.

येथे कोणी म्हणेल, आणि आमच्या शहरात तर कोणी ना कोणी म्हणतेच, की हे सगळे ठीक, पण या कथांतली 'स्त्री' म्हणजे कोण? हा आक्षेप ज्या मातीतून येतो ती याच शहराची आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी उभे केलेले मिलिंद महाविद्यालय १९५० पासून येथे आहे. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' येथूनच निघाले. तेथे घडलेला वाचक विचारतो की मिळवती बाई ही १९३३ची नवलाई कशी? मांग-महारांच्या, कुणब्यांच्या, वडारांच्या बाया कधी मिळवत नव्हत्या? त्यांच्या मजुरीवर घरे चालतच होती. त्याला कोणी 'बदलती भूमिका' म्हटले नाही. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला, आणि त्यानंतर या समाजांतल्या बाईने स्वतःच्या आयुष्याची पुस्तके लिहायला विसाव्या शतकाचे अखेरचे टप्पे उजाडावे लागले: बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा'. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कथांत ही बाई येते ती बहुधा मोलकरीण म्हणून, भांडी घासते आणि परिच्छेद संपायच्या आत निघून जाते.

आक्षेप रास्त आहे आणि तो आम्हांला त्या कथांपासून दूर नेत नाही. उलट त्यांचा नेमका विषय दाखवून देतो. नवे काय घडले होते? बाई काम करू लागली हे नवे नव्हते. बाईने काम करू नये अशी ज्या घरांची प्रतिष्ठा होती, त्या घरांना तिच्या कामावाचून भागेना झाले, हे नवे होते. म्हणूनच तेथे पगाराभोवती एवढी लाज, एवढी कुजबुज आणि एवढे त्यागाचे तत्त्वज्ञान गोळा झाले. कष्टकऱ्याच्या घरी बायकोच्या मजुरीला त्याग म्हणण्याची चैन परवडत नाही. विभावरींना स्वतःला हे उमगले असावे. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली आणि त्या अनुभवातून मांग-गारुड्यांवरची 'बळी' (१९५०) ही कादंबरी लिहिली. तारेच्या कुंपणाआडचे ते जग त्यांनी बाहेरून आलेल्या सरकारी बाईच्या नजरेने पाहिले आहे, ते आतून लिहिलेले नाही. पण कळ्यांच्या निःश्वासांवर सबंध आयुष्य काढण्याची सोय असताना त्या तेथे गेल्या, हे त्यांच्या कारकिर्दीचा आलेख मांडणाऱ्यांनी पुरेसे मोजलेले नाही.

दुसरा आक्षेप कलावाद्यांचा. या कथा बोलघेवड्या आहेत, त्यांत प्रबोधनाचा सूर आहे, पात्रे लेखिकेचे विचार बोलतात, आणि गाडगीळ-गोखल्यांच्या नवकथेपुढे त्या टिकत नाहीत. यातले पुष्कळसे खरे आहे. पत्रे, मनोगते, उद्गारचिन्हे यांचा मारा होतो. एखादे पात्र दोन पाने बोलत राहते आणि समोरचे पात्र ऐकून घेते, जे खऱ्या घरात घडत नाही. मात्र नवकथेची मोजपट्टी लावून मागच्या सगळ्या कथेला 'पूर्वतयारी' ठरवण्याची जी सवय आपल्या समीक्षेला जडली, तिचा तोटा असा झाला की नवकथेने जे टाकून दिले ते आपणही टाकून दिले. नवकथेतल्या मध्यमवर्गीय माणसाच्या मनाचे आपण बारीक पापुद्रे काढले. त्याच्या घरात पैसा किती येतो हे मात्र आपल्या चर्चेतून हळूहळू बाहेर पडत गेले. विभावरींची भाषा जेथे खर्चाकडे वळते तेथे ती एकदम आखडते, नेमकी होते, उद्गारचिन्हे गळतात. आमच्या मते त्या कथांचे साहित्यिक बळ नेमके त्या जागी आहे आणि विद्यार्थ्याला शिकवायचे ते हे: लेखिका कोठे उसासते आणि कोठे मोजते, हे ओळखायला.

आणि त्याला ते ओळखणे कठीण जाऊ नये. मराठवाड्यात मिळवती मुलगी उशिरा आली. १९४८ला निजामाचे राज्य गेले, १९५८ साली विद्यापीठ स्थापन झाले, १९६२ पासून जिल्हा परिषदांच्या शाळांत शिक्षिका दिसू लागल्या, १९९४ साली राज्याचे पहिले महिला धोरण आले. पुण्याच्या पांढरपेशा घरात जे तीसच्या दशकात घडत होते, ते जालना-बीड-परभणीच्या शेतकरी घरांत आता आता घडते आहे. या शहरातल्या अभ्यासिका सकाळी उघडतात तेव्हा तेथे जागा धरून बसलेल्या मुली पाहाव्यात. गावाकडे दोन एकर, एक भाऊ, वर्ष-दोन वर्षांची मुदत. मुदत संपण्याआधी नोकरी लागली नाही तर स्थळ; आणि लागली तर? ती नोकरी कोणाची, त्या पगाराची मालकी कोणाची, भावाच्या फीसाठी लग्न किती लांबवायचे, आणि लग्नानंतर तो पगार कोणत्या दिशेला वळायचा, हे प्रश्न त्या मुलींनी 'ऐतिहासिक' म्हणून वाचावेत अशी आपण व्यवस्था करून ठेवली आहे. गाइडमध्ये विभावरींवर दीड पान असते. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे शीर्षक त्यात उदाहरण म्हणून येते, कथा येत नाही. आमचा आग्रह या एका गोष्टीपुरता आहे की अभ्यासक्रमात युगे आणि प्रवृत्ती दोन कमी असाव्यात, आणि अख्ख्या कथा चार जास्त.

वर्गात त्या मोठ्याने वाचल्या जाव्यात, हेही आम्ही सुचवू. 'दिल्ली की सैर'ची रचना याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बेगम आपली हकीकत वाचकाला सांगत नाही. भोवती जमलेल्या बायकांना सांगते. आगगाडीत बसलेली त्यांच्यातली ती पहिलीच, म्हणून त्या कान देऊन ऐकतात, मध्ये बोलतात, पुढे काय झाले म्हणून विचारतात. दिल्लीचे काहीच पाहून आलेली नसताना तिला सांगण्यासारखे इतके असते, आणि ऐकणारींना त्यात काही उणे वाटत नाही.